माणूस जातो, गोळा जिवंत राहतो

न उडालेल्या काडतुसाला मराठीत आपण 'जिवंत' म्हणतो. वर्तमानपत्रात नेहमी येतं बघा, "एक गावठी कट्टा आणि चार जिवंत काडतुसे जप्त". हा शब्द ज्या कोणी पहिल्यांदा वापरला त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. कारण दारूगोळ्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यात आली आहे. ती वस्तू 'जुनी' आहे की 'नवी', हा प्रश्नच नाही. ती जिवंत आहे की मेलेली, एवढाच प्रश्न आहे. आणि नुसत्या वयाने ती मरत नाही.

आज हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या नात्यात आणि ओळखीत फौजेत गेलेली माणसं बरीच आहेत. शिवाय इतिहासाचं वेड असलेले, किल्ल्यांवर हिंडणारे, जुन्या बाजारातून काहीबाही उचलून आणणारेही आहेत. यातल्या कित्येकांच्या घरी शोकेसमध्ये, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, नाहीतर माळ्यावर एखादी पितळी पुंगळी, एखादा गोळा, एखादा 'रिकामा' हातबॉम्ब असतो. त्यातले काहीजण हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. तेव्हा हे तुमच्यासाठीच आहे असं समजा, आणि राग मानू नका.

आधी एक खरी गोष्ट सांगते. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन गावात एका जोडप्याच्या घरापुढच्या बागेत तोफेचा एक गोळा होता. शंभर वर्षांहून जास्त काळ तो तिथेच होता. कोणा एकाला समुद्रकिनाऱ्यावर सापडला, त्याने घरी आणला, आणि पुढे तो बागेची शोभा होऊन बसला. घर दुसऱ्यांकडे गेलं तरी गोळा तिथेच राहिला. घरातल्या बाई बागकाम झालं की खुरप्याची माती झाडायला ते खुरपं त्या गोळ्यावर आपटायच्या! २०२३ च्या अखेरीस पोलिसांच्या नजरेला तो पडला, बॉम्बपथक आलं, आणि निष्पन्न झालं की गोळा जिवंत आहे. तो होता १८८० ते ९० च्या सुमाराचा, ६४ पौंडी, नौदलाचा. मग तो वापरात नसलेल्या एका खाणीत नेला, त्यावर पाच टन वाळू टाकली आणि उडवला.

कोणी दगावलं नाही, म्हणून ही बातमी जगभर हसत हसत वाचली गेली. मला मात्र त्यात एक गोष्ट फार लागली. शंभर वर्षांत त्या घरात कितीतरी माणसं राहून गेली. प्रत्येकाने आपल्या आधीच्यावर विश्वास ठेवला. "इतकी वर्षं इथे आहे, म्हणजे रिकामाच असणार." कोणी तपासलं होतं? कोणीच नाही. खात्री पिढ्यान् पिढ्या पुढे सरकत गेली, पण तिच्या मुळाशी काहीच नव्हतं.

आता "जुना झाला की नासतो" या समजुतीकडे बघू. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण. भिजली तर ती पेटत नाही हे खरं, पण वाळली की पुन्हा पेटू शकते. लोखंडी कवचात नीट बंद असली तर दीडशे वर्षांनीही तिचं काही बिघडत नाही. नंतरची स्फोटकं तर उलट वागतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात गोळ्यांत पिक्रिक ॲसिड भरत. ते धातूच्या संपर्कात आलं की त्याचे क्षार तयार होतात आणि काही क्षार मूळ स्फोटकापेक्षा जास्त नाजूक असतात, म्हणून गोळ्याला आतून रोगणाचा हात देत. शंभर वर्षांत ते रोगण किती टिकलं असेल, सांगा. फ्यूजमध्ये वापरलेलं लेड अझाइड दमट हवेत तांब्या-पितळेशी संयोग पावून आणखी भयंकर संयुग बनवू शकतं. थोडक्यात, म्हातारा बॉम्ब शांत होत नाही, चिडका होतो. त्यात स्प्रिंगा गंजतात, पिना झिजतात. जी पीन पंचवीस वर्षं एक खटका धरून बसली आहे, ती सव्विसाव्या वर्षीही धरेल असं कोणी लिहून दिलेलं नाही.

आपल्याकडे हातबॉम्बाबाबत हे विशेष लक्षात ठेवायला हवं. ३६ नंबरचा मिल्स बॉम्ब इंग्रजांच्या काळापासून आपल्या सैन्यात होता आणि अगदी अलीकडच्या वर्षांपर्यंत वापरात होता. तेव्हा तो दिसायला 'महायुद्धातला' वाटला, तरी त्याचा जन्म तुमच्या-माझ्यानंतरचा असू शकतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय अडाणी आहोत? आमच्या काकांना यातलं सगळं कळतं.

कळत असेलही. पण अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एक संग्राहक होते, वय ५३. तिथल्या यादवी युद्धातले गोळे जमवणं आणि निकामी करणं हा त्यांचा छंद आणि व्यवसायही. असे सुमारे सोळाशे गोळे त्यांनी स्वतःच्या हाताने निकामी केले होते. संग्रहालयं त्यांच्याकडे काम पाठवत. फेब्रुवारी २००८ मध्ये घराच्या अंगणात ते नऊ इंची, ७५ पौंडी नौदलाच्या गोळ्यावर काम करत होते. ड्रिलला लावलेल्या चाकाने वरचा गंज-कचरा काढताना ठिणगी उडाली असावी, असा जाणकारांचा अंदाज होता. गोळा फुटला. ते जागीच गेले. एक तुकडा पाव मैलावरच्या, म्हणजे साधारण चारशे मीटरवरच्या घराच्या पडवीतून आरपार गेला. नंतर आजूबाजूची घरं रिकामी करून त्यांच्या संग्रहातले बाकीचे गोळे हलवावे लागले. तो गोळा बनवला तेव्हा त्या देशात गुलामगिरी होती, आणि त्याने माणूस मारला एकविसाव्या शतकात.

सोळाशे वेळा बरोबर येणं म्हणजे सोळाशे एकाव्या वेळेची हमी नव्हे. जर्मनीत ग्योटिंगेनला १ जून २०१० रोजी दुसऱ्या महायुद्धातला एक बॉम्ब निकामी करायची तयारी चालू होती. ॲसिडवर चालणारा, उशिराने उडणारा फ्यूज होता त्यात. प्रत्यक्ष काम सुरू व्हायच्या आधीच तो उडाला आणि सरकारी पथकातले तिघे गेले. आपल्याकडे वर्ध्याजवळ पुलगावला नोव्हेंबर २०१८ मध्ये नष्ट करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. ही तर ज्यांचं रोजचं कामच ते आहे त्यांची, किंवा त्यांच्या देखरेखीखालची उदाहरणं.

आणि एक नाजूक गोष्ट, फौजी नातेवाईकांची माफी मागून. "मी फौजेत होतो" म्हणजे "मला दारूगोळा तपासता येतो" असं नाही. सिग्नल्समध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला बॉम्ब ओळखता येईल, पण तो रिकामा आहे हे ठरवता येईलच असं नाही. ते वेगळं शिक्षण आहे. खुद्द सैन्यातही ते काम वेगळी माणसं करतात. आपल्या घरात मात्र फौजी मामाने गोळ्यावर थाप मारून "काही नाही रे, खाली आहे" म्हटलं की विषय संपतो.

गडकिल्ल्यांवर जाणाऱ्या मित्रांसाठीही दोन शब्द. किल्ल्यावर सापडणारा प्रत्येक गोळा निरुपद्रवी नसतो. दगडी गोळे आणि भरीव लोखंडी गोळे यांच्यात फुटण्यासारखं काही नाही. पण आपल्या जुन्या कागदपत्रांत 'कुलपी गोळा' हा शब्द येतो ना, तो म्हणजे पोकळ, आत दारू भरलेला गोळा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर उखळी तोफांतून मारा केला तो अशाच फुटणाऱ्या गोळ्यांचा. आणि असा प्रत्येक गोळा पडल्यावर फुटतोच असं नाही. गंजलेल्या गोळ्याकडे नुसतं बघून तो भरीव की पोकळ हे तुम्हा-आम्हाला सांगता येत नाही. तेव्हा सॅकमध्ये घालून घरी आणायच्या ऐवजी जागेचा फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला आणि पोलिसांना कळवा. तसाही तो तुमचा नाहीच, गडाचा आहे.

मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली. तिच्यात कापूस होता, सोनं होतं आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. बंदराचा गाळ काढताना सोन्याच्या विटा नंतर कितीतरी वर्षं सापडत राहिल्या, हे आपण चवीने सांगतो. पण ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच गाळातून ४५ किलो वजनाचा जिवंत गोळा निघाला, ते फार कोणी सांगत नाही. सदुसष्ट वर्षं खाऱ्या चिखलात राहूनही तो जिवंत होता!

असो. आता मला जे मुख्य म्हणायचं आहे त्याकडे येते.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. आयुष्यभराचा संग्रह. जुनी नाणी, पदकं, नकाशे, आणि एका कपाटात लष्करी वस्तू. माणूस अतिशय व्यवस्थित. एका वहीत प्रत्येक वस्तूची नोंद होती: कुठल्या बाजारातून घेतली, किती रुपयांना, कोणत्या तारखेला. मुलीने ती वही मला दाखवली. अक्षर मोत्यासारखं. पण कपाटातल्या अकरा गोळे-पुंगळ्यांपैकी कोणत्या भरलेल्या आणि कोणत्या रिकाम्या, हे त्या वहीत एका शब्दानेही नव्हतं. का नव्हतं? कारण त्यांना ते माहीत होतं. ज्याला माहीत असतं तो लिहीत नाही.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात काय चाललं होतं ते ऐकलंत तर हसाल आणि घाबरालही. एक जण म्हणाला नदीत टाकू. दुसरा म्हणाला पितळ आहे, भंगारवाल्याला देऊ, चांगला भाव येईल. तिसरा म्हणाला गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ. फोन करायला मात्र कोणी तयार नव्हतं, कारण पोलीस विचारतील, 'हे आलं कुठून', आणि उत्तर देणारा माणूस फोटोत जाऊन बसला होता. शेवटी मुलीनेच धीर करून फोन केला. बॉम्बशोधक पथक आलं, नऊ वस्तू रिकाम्या आहेत म्हणाले, दोन घेऊन गेले. चौकशी झाली, कागद झाले, आणि प्रकरण मिटलं. बस्स.

यातला भंगारवाल्याचा पर्याय मला सगळ्यात भयंकर वाटतो, आणि नेमका तोच आपल्या घरांत पहिला सुचतो. २००४ च्या सप्टेंबरअखेर गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत गोळे निघाले आणि स्फोटात दहा कामगार गेले. त्यानंतर केंद्र सरकारने भंगाराच्या आयातीचे नियम कडक केले. म्हणजे बाहेरून येणाऱ्या भंगारावर सरकारची नजर बसली. पण तुमच्या-माझ्या माळ्यावरून जाणाऱ्या भंगारावर कोणाची नजर आहे? तिथे छिन्नी-हातोडा घेऊन पितळ आणि लोखंड वेगळं करायला बसतो तो कोणी तरी पोरगा. त्याने काही तो गोळा हौसेने जमवलेला नसतो. लष्कराच्या सरावाच्या जागांलगतच्या गावांत न फुटलेले गोळे भंगारासाठी फोडताना माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्यांच्यापुढे निदान पोटाचा प्रश्न तरी असतो. आपल्यापुढे काय आहे? फोन करायचा संकोच.

म्हणून माझं मत असं आहे, कोणाला टोकाचं वाटलं तरी चालेल. ज्या वस्तूचं रिकामेपण फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे, ती वस्तू घरात नसावी. संग्राहकाचा शब्द हा दाखला नव्हे. तो खरा असेल, पण तो त्याच्याबरोबर जातो. गोळा मागे राहतो.

संग्रह करूच नका असं मी म्हणत नाही. मला स्वतःला जुन्या वस्तूंचं प्रेम आहे. काही संग्राहक म्हणतात, भोक पाडलं की वस्तूचं मोल जातं, 'ओरिजिनल' राहत नाही. मला हे पटत नाही. गोळ्याचं मोल त्याच्या गोष्टीत आहे, कवचावरच्या शिक्क्यात आहे, कोणी कुठून आणला त्यात आहे. आतल्या दारूत कसलं आलंय मोल? ती तर दिसतही नाही. वाघाचं कातडं भिंतीवर लावणारे त्यात वाघ ठेवत नव्हते.

आणि "पोलिसांना कळवलं की सगळं जप्त करून नष्ट करतात" हेही नेहमी खरं नसतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू नावाच्या गावी एका माणसाने शेजाऱ्याच्या मागे राहिलेलं जुनं रॉकेट संग्रहालयाला देऊ केलं, तर संग्रहालयाने आधी पोलिसांना फोन केला. हे २०२४ सालचं. पथक आलं, त्यांनी तपासलं. ते निघालं अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी बनवलेलं शीतयुद्धाच्या काळातलं रॉकेट! पण आत ना स्फोटक होतं ना इंधन. पोलिसांनी ते त्या माणसाकडेच ठेवून दिलं. विचारण्यात एवढंच गेलं, एक सकाळ.

तर मंडळी, ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी एवढं करा.

पहिलं, घरातल्या वस्तूंचे दोन ढीग मनात करा: रिकाम्या असल्याचा पुरावा डोळ्यांना दिसतो त्या, आणि दिसत नाही त्या. पितळी पुंगळी तोंडाने उघडी, आत स्वच्छ रिकामी आणि बुडाची टोपी काढलेली असेल तर ती फुलदाणी. बुडाची टोपी जागेवर असेल तर शंका धरा. तिच्यावर ठोक्याची खूण असली तरीही, कारण ठोका बसूनही न पेटलेल्या टोप्या असतात. गोळा किंवा हातबॉम्ब आरपार भोक पाडलेला, फ्यूज काढलेला, आतून मोकळा दिसत असेल तर ठीक. हे सगळं जागेवरून न हलवता दिसत असेल तरच मोजायचं. रंगावर मुळीच जाऊ नका. रंग कोणीही देतं.

दुसरं, शंका असलेली वस्तू उचलू नका, हलवू नका, उलटी करून बघू नका. घासणं, खरवडणं, ड्रिल मारणं, तापवणं, फ्यूज फिरवून बघणं, यातलं काहीही नको. पाण्याच्या बादलीतही टाकू नका. खोली बंद करा, पोरंबाळं आणि कामाच्या मावशींना लांब ठेवा, आणि लांब जाऊन ११२ ला फोन करा. आणि कृपा करून ती वस्तू स्कूटरच्या डिकीत घालून ठाण्यात नेऊ नका! एप्रिल २०२२ मध्ये एका अमेरिकन कुटुंबाने गोलान टेकड्यांवर आठवण म्हणून उचललेला न फुटलेला गोळा तेल अवीवच्या विमानतळावर सुरक्षारक्षकांना प्रामाणिकपणे दाखवला. पळापळ झाली आणि त्यात एक प्रवासी जखमी झाला. प्रामाणिकपणा चांगला, पण वस्तू जागेवर ठेवून.

तिसरं, रिकाम्या ठरलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर एक कागद ठेवा. कोणी तपासली, कधी, रिकामी आहे हे कशावरून. एक फोटो. आणि त्या कागदाची जागा घरातल्या निदान दोन माणसांना माहीत असू द्या.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. जिवंत दारूगोळा परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, १९५९ चा शस्त्र कायदा आहे, १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा आहे, आणि ते असायलाच हवेत. पण आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या गोळ्यासाठी नातीला गुन्हेगारासारखं वाटू नये. इंग्लंडमध्ये अधूनमधून ठरावीक दिवस जाहीर करतात. त्या काळात कोणीही बेकायदा हत्यार आणून दिलं तर ते बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला भरत नाहीत. २०२२ मध्येही असं झालं होतं. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एक आठवडा असा का नसावा? फक्त वस्तू ठाण्यात आणायची नाही, पथकाने घरी यायचं. सातारा-कोल्हापूरकडे, कोकणात, जिथे घराघरातून माणसं फौजेत गेली, तिथे तर याची फार गरज आहे. भीती कमी झाली की नदी आणि भंगार हे दोन्ही रस्ते आपोआप ओस पडतील.

तोवर आपल्या हातात एकच गोष्ट आहे. ज्यांनी या वस्तू आणल्या ती माणसं आज सत्तरी-ऐंशीची आहेत. दिवाळीला, लग्नकार्याला आपण त्यांच्याकडे जातो, चहा घेतो, शोकेसकडे बघून "वा!" म्हणतो आणि येतो. पुढच्या खेपेला "वा!" म्हणून झालं की त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, "आप्पा, हा कुठून आणलात? कोणी रिकामा केला? तुम्ही स्वतः पाहिलंत?" त्यांना आवडेल, कारण गोष्ट सांगायला मिळेल. तुम्ही ती लिहून घ्या. आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना ते जरा जरी अडखळले, तर चहा संपवा आणि फोन करा.